पंधरा दिवस उशिराचा श्रावण

थाटीपुर, ग्वाल्हेर
मंगळवार, १५ जुलै २०२५

प्रिय मंजू,

आठवीत होतो आपण. शनिवारी अर्धी शाळा सुटली की गणवेशातच दाल बाजारात जायचं आणि जिरं-हिंग घेऊन घरी यायचं, हे तुझ्या आईने आपल्या दोघींवर सोपवलेलं काम. त्या दिवशी वाण्याने जिऱ्याची पुडी बांधून तुझ्या हातात दिली आणि तू जागच्या जागी थिजलीस. पुडीचा कागद म्हणजे तुझा सहामाहीचा भूगोलाचा पेपर होता. वर तुझं नाव, तुझं ते डावीकडे झुकणारं अक्षर, आणि सिस्टरने लाल शाईने दिलेले चाळीसपैकी अकरा. कॉन्व्हेंटची रद्दी दाल बाजारात जाते हे आपल्याला कुठे ठाऊक होतं! तू रडायला लागलीस तेव्हा त्या जाडजूड वाण्याने मागचा सगळा गठ्ठा उपसला, आपल्या वर्गाचे होते नव्हते तेवढे पेपर काढून माझ्या दप्तरात कोंबले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "रो मत बिटिया, नर्मदाजी तो तूने सही बहाई हैं." घरी पोचेपर्यंत आपण रस्त्यात थांबून थांबून हसत होतो. माझ्या दप्तराला पुढे आठवडाभर हिंगाचा वास येत होता.

गेले तीन महिने तो वाणी मला सारखा आठवतो. त्याला आपल्या घरांतलं सगळं न सांगता कळायचं. डिंक नेला की कुणाकडे बाळंतीण आहे, काळे तीळ नेले की कुणाचं श्राद्ध आहे, आणि पाच दिवस कुणी फिरकलंच नाही तर निरोप यायचा, "घर में सब ठीक?" आपल्या आयांना त्याचा राग यायचा. वाण्याला काय करायच्यात चौकशा, म्हणायच्या. आता मी सहासष्टाव्या वर्षी तशाच एका चौकस वाण्याच्या शोधात दारोदार फिरले, हे ऐकून तू हसशील. हस, पण पुढचं नीट वाच.

मी किला गेटचं घर सोडलं हे तुला फोनवर सांगितलं होतं. कारण मात्र खोटं सांगितलं, जे अपूर्वला सांगितलं तेच. गुडघे वगैरे काही नाही. फेब्रुवारीत भाजी घेऊन वर येताना जिन्यात मला भोवळ आली आणि मी तिथेच पडले. खालच्या घरातल्या बाईंनी तास-दीड तासाने पाहिलं. डॉक्टर म्हणाले हृदयाची एक झडप अरुंद होत चालली आहे, अशी भोवळ पुन्हा येऊ शकते, आणि एखाद्या वेळी ती भोवळच राहणार नाही. भालचंद्र असते तर त्यांनी जिन्याच्या पायरी पायरीवर खुर्ची ठेवली असती. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अपूर्व बंगळुरूत, आणि सुनेला, प्रांजलीला, तेव्हा चौथा महिना लागलेला. दोनदा वाया गेल्यानंतरचं हे तिसरं. मी कशी सांगणार होते? तुला सांगावं तर तू नागपुरात तुझ्या घरच्या आजारपणाला बांधलेली. म्हणून गुडघे.

थाटीपुरात सरकारी क्वार्टर्सच्या मागे हे तळमजल्याचं घर अपूर्वने फोनवरूनच ठरवलं. चैत्रात मी इथे आले. घर फार चटकन मिळालं, आणि मालकाने भाड्याची घासाघीसही केली नाही. नवी सफेदी केलेली, स्वच्छ. दोनच गोष्टी मला पहिल्या दिवशी खटकल्या. मधल्या खोलीतल्या फरशीचे चार तुकडे बाकीच्यांपेक्षा नवे होते. आणि मधल्या खोलीतून व्हरांड्यात जायच्या दाराला रंग होता, पण फक्त खाली, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीपर्यंत. वरचं लाकूड जुनं, काळपट, तसंच. मी म्हटलं, पोचारा पुरला नसेल. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, चहा प्यायल्या, आणि प्रत्येकीने जाता जाता एकच विचारलं, "अकेली रहेंगी?" एकीने तर दोनदा.

वरचा मजला रिकामा. एप्रिलपासून घराघरांत कूलर सुरू झाले, आणि इथल्या उन्हाळ्यातला कूलरचा तो घरघराट तू विसरली नसशील. एका दुपारी मी मुद्दाम मधल्या खोलीत उभी राहून मोठ्याने हाक मारली, "कोई है?" समोरच्या घरातली बाई आठ पावलांवर खिडकीत तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. त्या दिवशी मला कळलं की नव्या वस्तीत किराणा कुठून घ्यायचा हा माझ्यापुरता भाव आणि माल यांचा प्रश्न नाही. घराबाहेर मी जाणार ती फक्त किराण्याला. मी नाही आले हे ज्याच्या लक्षात येईल ते माझं दुकान. मरणाची मला फारशी भीती नाही, मंजू. पडून राहण्याची आहे.

म्हणून मी एक परीक्षा काढली. सिस्टर असती तर म्हणाली असती, सरोज, यू आर बीइंग स्ली. होते मी लबाड. ठरवलं की प्रत्येक ठिकाणी आठ दिवस, रोज सकाळी नऊला, काही ना काही घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, आणि मग एकाएकी जायचंच नाही. बघायचं कोण विचारतं.

अपूर्वने मोबाइलमध्ये घालून दिलेल्या अ‍ॅपपासून सुरुवात केली. दहा मिनिटांत पिशवी दाराशी, पिशवीचा फोटो माझ्या फोनवर. फोटोत पिशवी फार छान येते. मागवणं बंद केलं तर तिसऱ्या दिवशी संदेश आला, "सरोजिनीजी, आम्हाला तुमची आठवण येते", आणि खाली तेलावर सूट. मी एकटीच हसले, आणि मग हसण्याचा आवाज ऐकून गप्प झाले. मोठ्या रस्त्यावरच्या मार्टमध्ये थंडगार वारा, ढकलगाडी, आणि काउंटरवर दर आठवड्याला नवी मुलगी. ती फोन नंबर विचारते, नाव विचारत नाही. तिथे चार दिवस गेले नाही, पाचव्या दिवशी गेले, तर ती म्हणाली, "पहली बार आई हैं मैम?" कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरवाला भला माणूस आहे, पण त्याचे डोळे कायम मोबाइलवर. त्याच्याकडे मी वरीचे तांदूळ मागितले, इथे मोरधन म्हणायचं हे विसरून, तर त्याने मान न उचलता मला फरशी पुसायचं औषध दिलं. त्याच्याकडे आठवडाभर गेले नाही. मग वाटेत दिसला, हसून नमस्ते केलं, आणि पुन्हा स्क्रीनवर.

उरलं दौलतसिंहांचं दुकान. तिथे मी शेवटी गेले, कारण तिथे जावंसं वाटावं असं काहीच नाही. गल्लीच्या तोंडाशी एक लांबट खोली, आत काळोख, तांदळात कधीमधी पोरकिडे. दौलतसिंह फौजेत रसद-भांडारात होते. सत्तरीचे, ताठ, मिशा अजून काळ्या करतात. बोलणं म्हणजे धोंडा. पहिल्या दिवशी मी डाळ हातात घेऊन बघायला लागले तर म्हणाले, "बहनजी, दाल है, मोती नहीं. लेना हो तो लीजिए." दुपारी त्यांची सून गरिमा बसते. बी.एड. करते, पुस्तक मांडीवर, तोंड अखंड चालू. सासऱ्यांनी गिऱ्हाइकं तोडायची आणि तिने जोडायची असं त्यांचं चालतं. "पापाजी की बात का बुरा मत मानना आंटीजी, ये तो भगवान को भी बोलते हैं, लाइन में आओ."

त्या दुकानात गल्ल्याच्या वर शेजारी शेजारी दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत. एक इथलं नेहमीचं हिंदी, आणि दुसरी चक्क मराठी दिनदर्शिका. मला इतका आनंद झाला! त्याखाली बरणीत आमसुलं. वाळून दगड झालेली, काळी ठिक्कर, पण आमसुलं. मी विचारलं, "ये कौन लेता है?" दौलतसिंहांनी बरणी माझ्यासमोरून उचलून मागे ठेवली. "अब कोई नहीं," म्हणाले. जूनमधली गोष्ट ही. संकष्टीसाठी साबुदाणा घेताना मी दिनदर्शिकेकडे पाहत होते, तर गरिमा हसून म्हणाली, "आंटीजी, आप मराठे लोग तो सावन भी पंद्रह दिन लेट लाते हो. हमारा आधा निकल जाता है तब आपका लगता है." मीही हसले. तुला आठवतंय ना, शाळेत आपल्यालाही सगळ्या मुली हेच चिडवायच्या. त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावस्येला, म्हणून त्यांचे सावनचे सोमवार सुरू झाले की आपल्या घरी अजून आषाढच. मी काही बोलणार तोच दौलतसिंह एवढ्या जोराने ओरडले, "गरिमा!", की वजनकाट्यातला साबुदाणा सांडला. ते आत निघून गेले. गरिमा खाली वाकून दाणे वेचत राहिली, मान वर न करता.

आठ दिवस भरल्यावर नवव्या दिवशी मी गेले नाही. खिडकीचा पडदा सोडून आत वाचत बसले. मनात म्हटलं, तीन-चार दिवस तरी लागतील. अकराच्या सुमारास दार वाजलं. मी मुद्दामच उठले नाही, त्याची मला अजून लाज वाटते. मग दार नुसतं वाजेना, धडधडायला लागलं. दोन्ही तळव्यांनी कुणीतरी मारत होतं. "आंटीजी! आंटीजी, बोलो!" मी धावत जाऊन उघडलं. गरिमा उभी, ओढणी एका खांद्यावरून लोंबतेय, हातात मिठाचा पुडा, काहीतरी निमित्त म्हणून आणलेला. मला उभी पाहिलं आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मग इतकी चिडली माझ्यावर, आई चिडते तशी. "बोल के नहीं जा सकते थे? कल बोल देते, कल नहीं आऊँगी! दो घंटे से पापाजी ने शटर आधा गिरा रखा है." मी बाहेर पाहिलं. गल्लीच्या वळणावर, भर उन्हात, दौलतसिंह उभे होते. डोक्यावर काही नाही. गरिमाने हात हलवून खूण केली तेव्हा ते वळले आणि चालायला लागले. दाराकडे एक पाऊलही आले नाहीत.

मग तिने मला सांगितलं, माझ्याच मधल्या खोलीत बसून, त्या चार नव्या फरश्यांवर पाय न ठेवता. माझ्या आधी या घरात महिपतराव राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, आपल्यातलेच. दौलतसिंहांकडे रोज यायचे, मिशांवरून त्यांना टोमणे मारायचे, त्यांच्यासाठी आमसुलं मागवायला लावायचे. अख्ख्या गल्लीत दौलतसिंहांना नावाने हाक मारणारा तो एकच माणूस. दर वर्षी श्रावणभर ते ओंकारेश्वरी जाऊन राहायचे आणि मोबाइल बंद करून घरीच कपाटात ठेवायचे, तसं व्रतच होतं त्यांचं. गल्लीला माहीत होतं, सावन लागला की बाबूजी नर्मदेवर. ओळख दोनच वर्षांची. त्यातलं पहिलं अधिक महिन्याचं, दोन श्रावणांचं, तेव्हा कोण कधी गेलं याचा कुणालाच मेळ नव्हता. गेल्या वर्षी सावन लागला आणि दुसऱ्या दिवसापासून महिपतराव दुकानात आले नाहीत. दौलतसिंह समजले, गेले. न सांगता गेले म्हणून थोडे रुसलेही. आणि मंजू, मित्राची सोय बघावी म्हणून त्यांनी स्वतः दूधवाल्याला सांगितलं, महिनाभर दूध बंद. पेपरवाल्याला सांगितलं, पेपर बंद. दाराशी काही साचू नये, घर रिकामं आहे हे चोरांना कळू नये.

महिपतरावांचा श्रावण लागायला अजून पंधरा दिवस होते.

ते मधल्या खोलीत पडले होते, खुब्याचं हाड मोडून. नवव्या दिवशी वरचं छत गळून खाली पाणी उतरतंय का ते बघायला मालक आपल्या किल्लीने दाराचं लॅच उघडून आला. डॉक्टरांनी सांगितलं की पहिले तीन दिवस तरी ते जिवंत असावेत. व्हरांड्याच्या दाराची कडी वर होती. ते सरपटत तिथवर पोचले होते. रंग फक्त खालीच का लावलाय हे मला तेव्हा कळलं. गरिमा बोलायची थांबली तरी मी त्या दाराकडे बघत नव्हते. महिपतरावांच्या पुतण्याने गल्लीत, सगळ्यांसमोर दौलतसिंहांना विचारलं, "तुमसे किसने कहा था दूध बंद कराने को?" चौकीत जबाब द्यावा लागला. त्यांना कुणी शिक्षा केली नाही. मराठी दिनदर्शिका त्यांनी त्यानंतर आणली, मागच्या वर्षीचीच, चार महिने उरलेली. यंदाची जानेवारीत लावली. गल्लीत तेव्हा एकही मराठी माणूस राहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन माफी मागितली. माझ्या भोवळीचं सांगितलं, परीक्षेचंही सांगितलं. ते बराच वेळ वजनं पुसत राहिले. मग म्हणाले, "बहनजी, आप मार्ट में जाइए. मेरे हाथ से एक निकल गया है." मी म्हटलं, म्हणूनच इथे आले. खरं होतं ते. ज्याच्या हातून चूक झालेली नाही तो निर्धास्त असतो, तो बघत नाही. मग मी यादी पुढे केली, पाच किलो गहू, दोन किलो साखर, महिन्याचं सामान, तर ती त्यांनी वाचून घडी घालून मला परत दिली. "महीने का सामान मैं आपको नहीं दूँगा. रोज़ का रोज़ ले जाइए. एक नींबू लीजिए, पर आइए." गरिमा खो खो हसायला लागली, "लो, दुकानदार देखा है ऐसा? ग्राहक माँग रहा है और ये भगा रहे हैं." तेव्हापासून मी साखर शंभर ग्रॅम आणते, मंजू, आणि डाळ एका वेळेची. मी आले की ते मराठी दिनदर्शिकेत त्या तारखेवर पेन्सिलीने टिंब करतात. घराची दुसरी किल्ली गरिमाच्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे.

चार दिवसांपूर्वी इथला सावन लागला. त्या सकाळी दौलतसिंहांनी मला तीनदा विचारलं, "आप कहीं जा तो नहीं रहीं?" आपला श्रावण यायला आज अजून दहा दिवस आहेत. हे मधले दिवस त्यांना कसे जात असतील ते मला त्यांच्या पेन्सिलीवरून कळतं. टिंब आता टिंब राहिलेलं नाही, कागद फाटेल इतकं गोल गोल गिरवलेलं असतं.

आणि काल सोमवारी मी पडले. पहिला सावन सोमवार, सगळी गल्ली अचलेश्वराला गेलेली, कोपऱ्यावरच्या देवळात कर्णा लावलेला. मी नऊला दुकानातून कोथिंबीर घेऊन आले, टिंब झालं, आणि साडेनऊला मधल्या खोलीत चष्मा शोधताना जमीन वर आली. डोळे उघडले तेव्हा घड्याळात पावणेबारा. पाय माझे वाटत नव्हते. गाल फरशीवर होता, आणि तिथून ते दार दिसत होतं, त्याचा नवा रंग अगदी डोळ्यांच्या रेषेत. मी ओरडले. कर्ण्यावर भजन चालू होतं. मग मी हिशोब केला, शांतपणे, सिस्टर शिकवायची तसा. आजचं टिंब झालेलं आहे. माझी आठवण निघेल ती उद्या नऊनंतर. म्हणजे एवढं शोधून, पारखून, हट्टाने निवडलेलं दुकानसुद्धा मला अख्खा दिवस देतं, आणि त्या दिवसात काय व्हायचं ते होतं. आजपासून संध्याकाळीही जाईन. तरी मधले तास उरतातच. दौलतसिंह मला वाचवू शकणार नाहीत, मंजू. ते फक्त मला नऊ दिवस पडू देणार नाहीत. त्या फरशीवर पडल्या पडल्या मला ते पुरेसं वाटलं, हे तुला खरं वाटणार नाही. दोन वाजता उठून बसता आलं.

आज सकाळी दुकानात गेले, लिंबू घेतलं, कालचं काही बोलले नाही. सांगितलं असतं तर त्या माणसाने दुकान बंद करून माझ्या गल्लीत उन्हात उभं राहायला सुरुवात केली असती. तिथून डॉक्टरांकडे गेले. दिल्लीच्या इस्पितळात चार ऑगस्टची तारीख मिळाली आहे, झडप बदलायची. मी जाणार आहे, रडून भेकून नव्हे, चांगली साडी नेसून. अपूर्वला कळवलं, पण छोटं ऑपरेशन म्हणून. प्रांजलीचे दिवस याच महिन्याअखेर भरतात, बाळ हातात आलं की तो येईल. तोवर वीस दिवस आहेत.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. पाकिटावर तुझा पत्ता लिहून, तिकीट लावून ते गरिमाकडे देते आहे. तिला एवढंच सांगितलं की मी सांगेन तेव्हा, किंवा मला सांगता येणार नाही तेव्हा, पोस्टात टाक. तिने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हा ते तुझ्या हातात असेल तर काय झालं ते तुला कळलंच असेल, आणि मी ते का लिहिलं तेही सांगते. मी आदल्या संध्याकाळी पडले आणि दुसऱ्या सकाळी सापडले, असंच बहुधा होईल. मग अपूर्व येईल, दुःखात असेल, आणि कुणीतरी त्याला महिपतरावांची गोष्ट सांगेल. तो तरुण आहे, तो गल्लीत उभा राहून तोच प्रश्न विचारेल, की तुम्ही आधी का नाही आलात? तो प्रश्न त्या माणसाला दुसऱ्यांदा ऐकावा लागू नये. अपूर्व तुझं ऐकतो. हे पत्र त्याला दे आणि त्याच्यासमोर बसून वाचायला लाव. त्याला सांग, त्याच्या आईने स्वतः पारखून हे दुकान निवडलं होतं, उणीव माहीत असूनसुद्धा. आता बाकीचं. माझ्या पाटल्या प्रांजलीला, बाळ मुलगी असो की मुलगा, तिलाच. भालचंद्रांचं घड्याळ अपूर्वला. इंग्रजी पुस्तकं आणि टेबलावरचा दिवा गरिमाला, तिची परीक्षा डिसेंबरात आहे. माझी निळी शाल तू घे, नागपूरच्या थंडीला ती जड होईल, तरी घे. स्वयंपाकघरात वाटण्यासारखं काही सापडणार नाही, रोजचं रोजच आणते. आणि भालचंद्रांची वेताची आरामखुर्ची, मधल्या खोलीतली, ती दौलतसिंहांना द्यायची. ते नको म्हणतील, दुकानात पाठवून द्या म्हणतील. पाठवू नकोस. घराचं दार उघडं ठेव, आणि त्यांनी स्वतः आत येऊन ती उचलून न्यावी.

तुझीच,
सरोज